पुनवेच्या रात्री समुद्रावर झोपावं का?

पुण्याच्या एक वाचक लिहितात: "माझं वय ३८. नवऱ्याने सिंधुदुर्गातल्या एका निर्जन किनाऱ्याचा व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच आहे: तंबू घेऊन एक रात्र तिथे काढायची. आम्ही तिघं (मुलगी नऊ वर्षांची) आणि त्याच्या दोन मित्रांची कुटुंबं. बुकिंग नाही, हॉटेल नाही, 'तिथे चिटपाखरूही नसतं' हेच त्याला आवडलंय. चांदणं मिळावं म्हणून पौर्णिमेचा शनिवार धरलाय. मला जायचं आहे, पण पोटात गोळाही येतो. सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. त्या म्हणाल्या, 'पुनवेक समुद्राच्या तोंडार कोण निजता काय?' नवरा म्हणतो, तुम्ही दोघी सारख्याच भित्र्या. मैत्रिणी म्हणतात, सरळ रिसॉर्ट घ्या. नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस, हो म्हटलं तर रात्रभर डोळा लागणार नाही. काय करू?"

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मला आधी तुमच्या सासूबाईंशी बोलावंसं वाटलं. त्यांचं वाक्य तुम्ही जुन्या माणसांची भीती म्हणून लिहिलंत, तुमच्या नवऱ्याने हसण्यावारी नेलं. पण त्यात भुताखेतांचं काही नाही, भरतीचा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे त्या रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पाणी सगळ्यात वर असणार. त्यात पौर्णिमा म्हणजे उधाण, ते एरवीपेक्षा बरंच पुढे येणार. आणि उधाणाचा खरा जोर पुष्कळदा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत असतो, त्यामुळे 'पौर्णिमा शुक्रवारी आहे, आपण शनिवारी जातोय' ही पळवाट नव्हे.

आता या हिशेबावर तुमचा बेत ठेवून बघा. पुण्याहून पहाटे निघून, वाटेत जेवून, घाट उतरून तुम्ही पाच-साडेपाचला किनाऱ्यावर पोचणार. नेमकी तेव्हा पूर्ण ओहोटी. समोर वाळूचं मैदान, पाणी लांब कुठेतरी. सपाट, घट्ट वाळू बघून तंबू तिथेच ठोकले जातील, कारण मुलांना पाण्याजवळ राहायचं असतं आणि मोठ्यांना फोटोत समुद्र हवा असतो. दहाला जेवणं, अकराला मुलं गाढ झोपलेली, आणि त्याच वेळी पाणी तुमच्या दारात. अशा वेळी जिवावर बेततंच असं नाही. बहुतेकदा भिजलेल्या पांघरुणांवर आणि वाहून गेलेल्या चपलांवर निभावतं. पण अंधारात, झोपेतून उठवलेल्या मुलांना कडेवर घेऊन, सामान सोडून पळण्यात मौज कसली?

यावर उपाय न जाणं हा नाही. तिथी बदला. शुक्ल अष्टमीच्या आसपासचा शनिवार धरा. आठ पाऊणे सहा: म्हणजे भरती संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ओहोटी मध्यरात्री, पुढची भरती पहाटे सहा-साडेसहाला. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही. शिवाय तुम्ही उजेडातच पोचणार, म्हणजे पाणी कुठवर आलं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच तंबूची जागा ठरवता येईल. चंद्र अर्धा असेल, पण मुलांना वाळूत खेळायला तेवढं चांदणं पुरतं. बाराच्या आसपास तो मावळला की आकाश काळंभोर होतं. हिवाळ्यात तेव्हा मृग, व्याध आणि दक्षिणेला अगस्त्य असे दिसतात, की पुण्याच्या गच्चीवरून तुम्ही इतकी वर्षं नेमकं काय बघत होतात असा प्रश्न पडावा. पौर्णिमेच्या झगझगीत चांदण्यात यातलं निम्मं हरवतं. पाऊणकीचा हिशेब ढोबळ आहे आणि गावागणिक थोडा सरकतो. म्हणून जाण्याआधी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. उंच लाटांचे इशारेही तिथेच मिळतात.

तरीही एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. किनाऱ्यावर काटक्या, शिंपले, शेवाळ आणि हल्ली अर्थातच प्लॅस्टिक यांची एक रेघ दिसते. कधीकधी अशा दोन रेघा असतात, एक कालची, एक गेल्या उधाणाची. तंबू सगळ्यात वरच्या रेघेच्याही पलीकडे लावायचा. तिथे भुसभुशीत वाळू असते आणि तंबूच्या खुंट्या त्यात धरत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरा, दोरी त्यांना बांधा आणि पिशव्या हातभर खोल पुरा. दिवसभर समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री उलटा जमिनीवरून मतलई सुटतो. म्हणजे संध्याकाळी चुलीचा धूर जिकडे जात होता, त्याच्या विरुद्ध तो रात्री जाणार. आणि दव! डिसेंबर-जानेवारीत कोकणात सकाळी तंबू पाऊस पडल्यासारखा भिजलेला असतो. बाहेर वाळत टाकलेले टॉवेल आणि बूट आत घेऊन झोपा.

आता त्या 'चिटपाखरूही नसतं'कडे येते, कारण मला तुमच्या बेतातली सगळ्यात कच्ची बाजू तीच वाटते. व्हिडिओ काढणारा माणूस बहुधा दुपारी तीनला तिथे होता. दुपारी तीनला कोकणातल्या कुठल्याही वाळूवर कोणीच नसतं, गाव वामकुक्षी घेत असतं. त्याच किनाऱ्यावर तुम्ही उजाडताना जाऊन बघा. रापणीचा हंगाम असेल तर होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकलेलं असतं आणि त्याची दोन टोकं धरून माणसांच्या दोन रांगा ते किनाऱ्यावर ओढत असतात. तुमचा तंबू नेमका त्या दोन रांगांच्या मध्ये असू शकतो. तुमच्यासाठी ती निर्जन वाळू आहे, त्यांच्यासाठी कामाची जागा. मागचं सुरूचं बन वनखात्याचं असेल, नाहीतर गावातल्या कुणाचं. भरती-ओहोटीच्या रेषांमधली जमीन सरकारची. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारपट्टीवर सागरी पोलीस ठाणी वाढली, गावोगावी सागर रक्षक दलं उभी राहिली. रात्री अनोळखी गाड्या आणि समुद्राकडे हलणाऱ्या बॅटऱ्या दिसल्या की कोणीतरी चौकशीला येणारच, आणि यायलाच हवं. मध्यरात्री तंबूबाहेर चार माणसांचे आवाज ऐकून तुमचा जीव घाबराघुबरा होईल. पण तेच लोक संध्याकाळी 'काय पावण्यांनो, खंयसून इलात?' म्हणून भेटून गेलेले असतील, तर तुम्ही निवांत झोपाल.

म्हणून माझं सांगणं असं की माणसं नसलेला किनारा शोधू नका. ज्याच्या मागे गाव आहे आणि त्या गावाला तुम्ही आलेले ठाऊक आहात, असा किनारा शोधा. गर्दी नको, पर्यटनाचा बाजार नको, हे मला मान्य आहे. पण गर्दी नसणं आणि अडीअडचणीला हाक मारायला कोणी नसणं यांत फरक आहे. नऊ वर्षांची मुलगी बरोबर असताना तो नीट कळला पाहिजे.

पत्रात तुम्ही दोनच वाटा मांडल्यात: व्हिडिओतला रानवट किनारा, नाहीतर रिसॉर्ट. रिसॉर्टला नाक मुरडायचं कारण नाही, पण तुमच्या मनात ते नाही हे पत्रातच दिसतं. तिसरी वाट किनाऱ्यालगतच्या गावातल्या घरगुती निवासाची. एक खोली घ्या, त्या घराला सगळं सांगा, आणि त्यांच्या सल्ल्याने तंबू त्यांच्या वाडीत किंवा वाळूच्या वरच्या काठावर लावा. ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला एक फोन. ते नको म्हणाले तर नको, तिथे वाद घालू नका. या वाटेने संडासाचा प्रश्न सुटतो. तुम्ही पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, पण असे बेत आखताना पुरुषमंडळींना तो आठवत नाही आणि बायका दुपारपासून पाणी पिणं बंद करतात. प्यायचं पाणी मिळतं, पाऊस-वाऱ्यात पाठ टेकायला छप्पर मिळतं, आणि रात्री दोनला मुलगी 'मला घरी जायचंय' म्हणाली तर जायला घर असतं. आणि वाळूवरची रात्र तर तुमचीच असते.

जागा कोणती? तुम्ही कळवलेल्या किनाऱ्याचं नाव मी छापत नाही, त्याची प्रसिद्धी आधीच पुरेशी झाली आहे. सिंधुदुर्गात देवगडकडचं तांबळडेग, वेंगुर्ल्याकडचं भोगवे, निवती, वायंगणी, किंवा रत्नागिरी जिल्ह्यात केळशी, वेळास यांचा विचार करा. यातल्या काही वाळूंवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, पिल्लं बाहेर पडतात फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत. म्हणजे तुमच्या सहलीचे महिने तेच. अशा किनाऱ्यावर तंबू, शेकोटी आणि बॅटऱ्या अजिबात नकोत. मादी उजेडाला बिचकून परत फिरते आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. तिथे गावात मुक्काम करा, आणि कासवांचं काम करणारी मंडळी पिल्लं सोडतात तेव्हा त्यांच्याबरोबर जा. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली वेळासला हे काम सुरू केलं. आता तिथल्या घराघरांतून पाहुण्यांची सोय होते. तुमच्या मुलीला तंबूपेक्षा हे जास्त आवडेल, अशी माझी पैज आहे. गोव्याचा विचार असेल तर एवढंच सांगते: २०१९मध्ये तिथल्या कायद्यात बदल झाला आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं व दारू पिणं दंडाचं झालं. तेव्हा चूल आणि बाटली घेऊन तिकडे वळू नका.

आता भीतीबद्दल. 'भित्री' हा शब्द तुम्हाला लागलाय. मला मात्र तुमच्या पोटातला गोळा उपयोगाचा वाटतो. एक कागद घ्या आणि कशाची भीती वाटते ते वेगवेगळं लिहा. पाण्याची? मग नियम करा: सूर्य मावळल्यावर कोणीही, अगदी पोहण्यात पदक मिळवलेल्यानेही, पाण्यात उतरायचं नाही. दिवसा मुलांनी घोट्यापुढे जायचं नाही, आणि मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाइल खिशात ठेवून फक्त त्यांच्याकडे बघायचं, आळीपाळीने. खाडीच्या मुखापाशी तर मुळीच नको, ओहोटीला तिथलं पाणी माणसाला ओढून नेतं. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत, गढूळ दिसतं, ती जागा सुरक्षित समजून पुष्कळ जण तिथेच उतरतात. खरं तर बाहेर जाणारा ओढा बहुधा तिथेच असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, आधी किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं. गावातल्या कोळ्याला, गाबिताला विचारा, 'पोरांना कुठे सोडू?' तो बोट दाखवेल तीच जागा.

सापाची भीती? वाळूवर ती कमी, पण मागच्या जांभ्याच्या सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर) आणि गडग्यांत (दगड रचून केलेल्या कुंपणांत) फुरसं हा विषारी साप असतो. तो लहान असतो, दगडाच्या रंगात मिसळून जातो आणि रात्री फिरतो. म्हणून तंबूपासून घराकडे जाताना बूट आणि पायाखाली बॅटरी, लाकडं गोळा करताना दगडाखाली हात नाही. चावलंच तर जखम कापणं, चोखणं, दोरीने आवळणं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, त्याला हातपाय हलवू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्वांत जवळचं कुठलं आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवा. १०८ आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांना पाठ असोत, पण रेंज कुठल्या वळणावर येते तेही बघून ठेवा. जाळ्यातून वाळूवर टाकलेला समुद्रसाप मेल्यासारखा दिसला तरी त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगा.

माणसांची भीती? तिचं अर्धं उत्तर गावाच्या ओळखीत आहे. उरलेलं अर्धं तुमच्याच गटात आहे. तीन मित्र, समुद्र आणि रात्र म्हटल्यावर बाटली निघणार हे मी गृहीत धरते. माझी अट एवढीच असेल की तीन पुरुषांपैकी एक जण पूर्ण शुद्धीत राहील आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे असेल. हे किनाऱ्यावर सांगू नका, तिथे त्याचा तमाशा होतो. पुण्यातच ठरवा. आणि गाडी वाळूवर उतरवायची नाही. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती यायच्या आत ती निघेलच असं नाही. गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी उत्तर देते. या सहलीत स्वयंपाक कोण करणार? बर्फात मुरवलेलं चिकन, शिगडी, कोळसे, नऊ-दहा माणसांच्या ताटल्या, वाळू गेलेला भात, आणि अंधारात बादलीतल्या पाण्यात भांडी विसळणाऱ्या तीन बायका: हे चित्र मला पत्र वाचतानाच दिसत होतं. जेवण गावात सांगा. माशाचं सार, भात, सोलकढी. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या. तुमच्या हातचं काही हवंच असेल तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, ती वाळूतही गोड लागते. शेकोटी हवी असेल तर लहान, उघड्या वाळूवर, सुरूपासून लांब. सुरूच्या वाळलेल्या काड्या भराभर पेटतात. विझवताना वर वाळू लोटू नका. निखारे खाली तासन्‌तास धगधगत राहतात आणि पहाटे अनवाणी येणाऱ्या रापणकराचा पाय त्यावर पडतो. पाणी ओतून, हात लावून बघून मगच झोपा. कचरा सगळा परत न्या, डायपर आणि सॅनिटरी पॅडसकट.

मग उरलेला वेळ काय करायचं? काही नाही, आणि तेच अवघड जातं. स्पीकर नेऊ नका. मुलीला घेऊन ओहोटीच्या ओल्या वाळूवर उकिडव्या बसा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मध्ये एक भोक, त्याच्या चहूबाजूंना किरणांसारख्या ओळी. ते इवल्याशा खेकड्यांचं काम. ते वाळू तोंडात घेतात, खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेली गोळी करून टाकून देतात. हलू नका, दोनेक मिनिटांत मालक बाहेर येतात. हिवाळ्यात कधीकधी लाटांना निळी चमक येते, ओल्या वाळूवर पाय घासला तर ठिणग्या उमटल्यासारख्या दिसतात. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो उजेड असतो. पण त्याचं वचन मुलीला देऊ नका, दिसला तर दिसला. आणि आपला किनारा पश्चिमेचा, तेव्हा सूर्योदय समुद्रातून होणार नाही. मागच्या डोंगराआडून ऊन उशिरा येतं, त्यामुळे सकाळी तंबूत आरामात लोळता येतं.

नवऱ्याशी बोलताना 'मला भीती वाटते' इथून सुरुवात करू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार आहे. 'मला यायचंय, तारीख आणि जागा मी ठरवते' असं म्हणा. पाऊणकीचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. तो मांडायला सासूबाईंना बसवलंत तर उत्तम. आणि त्यांना बरोबर येता का, असं विचारून बघा. त्या घरात झोपतील, तुम्ही वाळूवर. गावात शिरताना मालवणी बोलणारी बाई पुढे असली की निम्मी कामं बोलण्यातच होतात.

तरीही त्याला तोच किनारा आणि तीच पौर्णिमा हवी असेल, तर हरकत नाही. त्याला आणि दोन्ही मित्रांना आधी तिथे पाठवा, मुलांशिवाय. एक रात्र काढून येऊ देत, साडेअकराला पाणी कुठवर आलं ते बघून येऊ देत. येताना गावातल्या चार जणांचे फोन नंबर आणि घरगुती निवासाचा दर घेऊन या, एवढं मात्र बजावून सांगा.